पार्थिव

माझं काम साधं आहे.
आकाश ऐकत बसलेल्यांच्या कानात
पृथ्वी मधेच काय कुजबुजते, ते हुडकायचं,
आणि तिला गप्प करायचं.

कारूच्या माळावर, कार्नार्व्हन सोडून पुढे,
थाळ्या आ वासून उताण्या बसल्यात.
त्यांच्या घशात एखादा तारा उतरायच्या आधी
उतरतं कुणाचं विजेचं कुंपण,
कुणाचा म्हातारा फ्रीज.
मी टपावर अँटेना बांधून हिंडतो.
एकदा मेंढीच्या गळ्यातला पट्टा पकडला.
एकदा दोन महिने ज्याच्या मागावर होतो
ते आमच्याच डायरेक्टरांचं मनगटी घड्याळ निघालं.

हा मात्र वेगळा होता.
रात्री पावणेदहाला सुरू, पहाटे साडेपाचला बंद.
चार सेकंद आहे. तीन सेकंद नाही.
पुन्हा आहे.
कधी नाही, नाही, नाही,
इतका वेळ नाही की आपणच खुर्चीत पुढे सरकावं,
आणि मग आहे.

नोमाखवेझी नवी, केप टाऊनहून आलेली.
म्हणाली, याला लय आहे. यंत्राची लय अशी चुकत नाही.
तिला त्या रात्री झोप लागली नाही.
मलाही नाही, खरं सांगायचं तर.
सोळा वर्षं नोकरी झाली,
पण मनातला चोर काही पेन्शनीत निघत नाही.

चार रात्री काटा फिरवत फिरवत
पोचलो ओम जाफ्ताच्या दारात.
कुत्रं भुंकलंसुद्धा नाही.
स्वैपाकघरात टेबलावर, साखरेच्या डब्याशेजारी,
पांढरा, मुठीएवढा डबा:
तान्ह्या बाळाच्या खोलीत एक ठेवतात, दुसरा आईच्या उशाशी.
आवाज झाला की बोलतो, नाही तर गप्प.

“साना पडली त्याला तीन वर्षं झाली.
अपिंग्टनचे डॉक्टर म्हणाले, आत आता कोणी नाही.
मी म्हटलं, कशावरून?
त्यांनी कागद दाखवला. कागदावर रेघ होती.”
त्याने माझ्या कपात रुइबोस ओतला.
“तुमचं ते केव्हापासून ऐकतंय?”
सोळा वर्षं.
“काही आलं?”
नाही.
“साखर किती?”

आतल्या खोलीत ती छताकडे बघत होती,
म्हणजे डोळे छताकडे होते.
मी हाक मारली, ताने साना.
तिने ओ दिली नाही.
पण बंद घरात शिरताना कधी कधी कळतं ना,
माणूस आहे, फक्त दार उघडत नाहीये,
तसं काहीतरी.
चाहूल तिची होती की माझीच मला लागली,
हे मोजायचं यंत्र माझ्या गाडीत नव्हतं.
दुसऱ्या कुणाच्या गाडीत आहे का, ठाऊक नाही.

डबा बंद करणं भाग होतं. कायदाच आहे.
शनिवारी सुट्टी टाकून गेलो,
चाळीस मीटर तांब्याची तार घेऊन,
वर जस्ताची नळी, म्हणजे हवेत काही सांडू नये.
जाफ्ताने भिंतीत भोक पाडलं, मी चर खणला.
तिच्या उशापासून त्याच्या उशापर्यंत
आता तिचा श्वास मातीखालून जातो.
आकाशाला पत्ता नाही.

फॉर्मवर उगमासाठी दोनच चौकोन आहेत.
मी ‘पार्थिव’वर खूण केली,
आणि पेन तिथेच जरा वेळ टेकून राहिलं.
नंतर शाईचा ठिपका मोठा का झाला
असं कुणी विचारलं नाही.

नोमाखवेझीने विचारलं, काय निघालं?
म्हटलं, बाळाचा डबा.
ती हसली, थोडी हिरमुसलीही.
केवढं आहे बाळ?

एकाहत्तर वर्षांचं, तोंडावर आलं होतं.
म्हणालो,
अजून बोलत नाही.